नवी बॅटरी

पाटण, सोमवार संध्याकाळ, डिसेंबर १९९४

आज फियाट किल्ली फिरवताच सुरू झाली. आनंद व्हायला हवा होता.

सांगलीहून बदली झाली तेव्हा ही जुनी गाडी घेतली. म्हटलं, बँकेत जायला-यायला कुणावर अवलंबून राहायला नको. आणि गाडी रोज सकाळी अख्ख्या गल्लीवर अवलंबून! थंडीत किल्लीला दादच द्यायची नाही. मग समोरच्या शेवंताक्का पदर खोचून यायच्या, मागोमाग नळावरच्या बायका. "आवं म्याडम, तुमी निस्तं बसा. आमी ढकलतो की." उतारावर मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडायची, गाडी फुरफुरली की सगळ्या ओरडायच्या. बँकेबाहेर माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच. मला मेलीला त्याचीच लाज वाटली. शनिवारी कराडला जाऊन नवी बॅटरी बसवून आले.

आज सकाळीही शेवंताक्का पदर खोचून उंबऱ्यात उभ्या होत्या. गाडी सुरू झाली. "झाली व्हय चालू? बरं झालं," म्हणाल्या, पदर सोडला आणि आत गेल्या.

तो सोडलेला पदर दिवसभर डोळ्यांपुढून हलला नाही. संध्याकाळी चहाला या म्हणायला माझी जीभ का उचलली नाही? ढकलायला हाक मारता येते. नुसतं बसायला या म्हणून कशी मारायची?

आत्ता खिडकीतून गाडी दिसतेय. पुढचे दिवे चालूच राहिलेत. रात्रभर राहिले तर नवी बॅटरीसुद्धा सकाळपर्यंत उतरेल. उठून बंद करायला हवेत.

चहा केला, प्यायले. अजून उठलेले नाही.