साडेतीन तासांचं विमान

४ तारीख

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाळ पोटात अजून आडवंच आहे. वीस तारखेला ऑपरेशन ठरलं. तुझे जावई बोटीवर, किनाऱ्याला लागायला अजून महिना. मला प्रवास बंद, तेव्हा तूच ये. तिकीट सोबत आहे.

अंतर किती म्हणून विचारलंस. सव्वाचार हजार किलोमीटर, पण आकड्याला घाबरू नकोस. विमान सकाळी दहाला निघतं आणि दीडला इथे उतरतं. म्हणजे साडेतीन तास! तेवढ्यात तुझा एक सदराही शिवून होत नाही.

आई, मला फार भीती वाटते गं. भूल देताना तुझा हात हवा.

तुझी भित्री,
ठमी

११ तारीख

चि. ठमीस,
अ. उ. आ.

घड्याळजीची मुलगी ना तू? अगं, तुमची घड्याळं आमच्यापेक्षा अडीच तास मागे. विमान चांगलं सहा तास उडणार!

पण तुझी आई म्हणते, साडेतीन तास जीव मुठीत धरून कशीबशी बसेन, वर एक मिनिट नाही. म्हणून मी तोंड उघडलं नाही. बरोबर केलं की चूक, कळत नाही.

काळजीत असलेला,
बाबा

१८ तारीख, विमानात

चि. ठमे,

तीन वाजले. दीडलाच उतरायचं होतं. खाली नुसतं पाणी. विमान वाट चुकलंय, नक्की. माइकवर काय बोलतात ते कळत नाही. शेजारचा गृहस्थ घोरतोय. त्याला उठवलं नाही, उगाच घबराट नको.

मी पोचले नाही तर हा कागद तरी पोचू दे. तूही आडवीच होतीस. दोन दिवस अडले होते मी. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तरी वाचलो ना दोघी? हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं असतंस, भीती वाटली का. वाटली होती, बाळा. आत्ता वाटतेय तेवढीच.

हातपाय गाळू नकोस.

तुझी आई

२० तारीख, सकाळ

ती. बाबांस,
सा. न.

आई परवा दीडच्या ठोक्याला उतरली आणि तडक इस्पितळात आली. चेहरा पांढराफटक होता. विमानात लिहिलेला कागद तिने आधी माझ्या हातात दिला आणि मग रडली. तुमच्यावर भयंकर चिडली आहे. पण सहा तास ठाऊक असते तर उंबरा ओलांडला नसता, हेही तिनेच कबूल केलं.

आता थोड्या वेळात मला आत नेतील. बाबा, मला खूप भीती वाटतेय. आईने माझा हात धरलाय. ती पुन्हा पुन्हा सांगतेय की डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचं तर काम, डोळे मिटून उघडेपर्यंत संपेल.

काल पडद्याआड डॉक्टर तिच्याशी हिंदीत बोलत होते, ते मला ऐकू आलं होतं. बाळ फार अवघड बसलंय, दोन तास तरी लागतील, असं म्हणत होते.

मी तिला काही बोलले नाही.

आमच्या दोघींची आठवण असू द्या.

तुमची ठमी