इंजिनाचा आवाज

बाबा,

आईला घेऊन पहाटेच्या एसटीने सांगलीला निघाले आहे. उद्याचं तिचं डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होईल, पण तुमच्या गाडीत बसायला ती तयार नाही. आमटी झाकून ठेवली आहे.

काल पोवई नाक्याच्या उतारावर पेट्रोल वाचवायला तुम्ही नेहमीसारखं इंजिन बंद केलंत. तसं केलं की आपल्या गाडीचा ब्रेक जड होतो, हे सांगून मी थकले. “बीएस्सी झालीस म्हणून मला गाडी शिकवू नकोस!” हेच तुमचं उत्तर. काल भाजीवालीची पाटी उडाली, बाई थोडक्यात वाचली.

ॲव्हरेज हवं असेल तर चाकांत हवा भरा, डिकीतल्या फरश्या उतरवा आणि पुढे गर्दी दिसली की ॲक्सिलरेटरवरून आधीच पाय काढा. मी मोजून पाहिलंय, याने जास्त वाचतं.

ऑपरेशननंतर आईला एसटीचे धक्के चालणार नाहीत. शनिवारी न्यायला तुम्हीच या. तिने निरोप दिलाय, “म्हणावं, डोळ्याला पट्टी असली तरी कान उघडे आहेत. उतारावर इंजिनाचा आवाज थांबला, की मी तिथेच उतरणार.”

ज्ञानदा