दोन बोटं की एक?

मंगळवार, १८ नोव्हेंबर. घाटकोपर

दोन महिने लिहिलं नाही, चुकलंच.

आयसीयूतल्या परबकाकांच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसवायची आहे. मान आखूड. कंठमणी ते छातीचं हाड, मी मोजलं: दोन बोटं. म्हणजे नळीला पुरेशी जागा, म्हणून फॉर्मवर 'सोपं' लिहिलं. सर्जन देसाईने मोजलं तर एकच! "अगं, तुझी बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा," तो हसला. मग खरं बोट कोणाचं? चुकलं तर श्वास काकांचा अडकणार.

सकाळी काकूंनी विचारलं होतं, "सोपा आसा ना, डॉक्टरानू?" मी न मोजताच हो म्हणाले. मग दोन बोटं खरंच भरली, की मला ती भरायला हवी होती? कळत नाही.

उद्या: काकूंना भेटून 'सोपं' हा शब्द परत घ्यायचा.