एकवीस दिवसांच्या तुटीबाबत

प्रति,
मा. संचालक,
परदेशी पदवी पडताळणी कार्यालय,
अम्मान.

विषय : डॉ. (आपल्या निर्णयाच्या अधीन राहून) गैथ अल-मराशिद यांच्याविरुद्धची निनावी तक्रार मागे घेणे व त्यांची पदवी तातडीने ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ : १) गैथ यांचा पदवी-मान्यतेचा अर्ज (मसुदा अर्जदाराचा).
२) गैथ यांच्याविरुद्धची निनावी तक्रार (मसुदा अर्जदाराचाच).

महोदय,

१. अर्जदार मिथकाल अल-मराशिद, वय ४७, सल्त येथील न्यायालयाच्या फाटकाबाहेर टेबल व छत्री टाकून गेली चोवीस वर्षे लोकांना अर्ज लिहून देतो. संदर्भ क्र. २ वर सही नसली तरी असा मसुदा सबंध गावात दुसऱ्या कोणाला साधत नाही, हे आपल्या नजरेतून सुटले नसेलच. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

२. गैथ हे अर्जदाराचे धाकटे बंधू. सात वर्षे हंगेरीत राहून, जैतुनाच्या फळात अळी घालणाऱ्या माशीवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली व गेल्या वर्षी ते घरी परतले. अर्जदाराचा माशीला विरोध नाही. परंतु थोरल्या मुलाच्या नावाने आईला हाक मारावी, ही आपल्याकडची रीत आपणांस सांगायला नको. त्यानुसार अर्जदाराच्या मातोश्री सेहेचाळीस वर्षे 'उम्म मिथकाल', म्हणजे मिथकालच्या आई, होत्या. गैथ परतल्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या हालाबाईंनी गच्चीवरून हाक दिली, "अगं डॉक्टरच्या आई, तेलातली वांगी उरलीत का गं बरणीत?" मातोश्रींनी चूक दुरुस्त करणे अपेक्षित होते. त्या "आले, आले" म्हणत बरणी घेऊन गेल्या. त्या दिवशी अर्जदाराचे नाव स्वतःच्या आईवरून उतरले, ते उतरलेच. सदर बाई गुडघेदुखीचे औषधही गैथ यांनाच विचारतात. "माशीचा का असेना, डॉक्टरच ना?" असे त्यांचे म्हणणे.

३. त्याच आठवड्यात संदर्भ क्र. २ लिहिला गेला. पदवीसाठी परदेशात जितके दिवस राहणे आवश्यक आहे त्यात गैथ एकवीस दिवसांनी कमी पडतात, ते दिवस ते घरी होते, पासपोर्टावरचे शिक्के पाहावेत, इतकेच त्यात होते. शब्द न् शब्द खरा. आपण शिक्के पाहिले, प्रकरण थांबवले, आणि त्यांची विद्यापीठातली नेमणूकही अडली. कार्यालयाच्या तत्परतेबद्दल अर्जदाराने त्या वेळी मनोमन आभार मानले होते.

४. मात्र अपेक्षित परिणाम झाला नाही. आधी नुसता मान होता, आता त्यात कीव मिसळली. शुक्रवारी मन्सफच्या परातीत भातावर हाडाजवळच्या मटणाचा जो मऊ तुकडा असतो, तो मातोश्री बोटांनी सोडवून गैथ यांच्या बाजूला सरकवतात. "वाळला गं माझा लेक." अर्जदाराने आपलेही वजन उतरल्याचे निदर्शनास आणले असता, "तुला काय धाड भरलीय? तू इथलाच," असे उत्तर मिळाले. इथलाच असणे हा दोष कधीपासून धरला जाऊ लागला, याविषयी परिपत्रक असल्यास एक प्रत मिळावी.

५. गैथ यांचे इथे बस्तानही बसत नाही. लग्नाला ते पत्रिकेवर छापलेल्या वेळी जातात, त्यामुळे खुर्च्या मांडायचे काम त्यांच्याकडे येते. रांगेत उभे राहतात, आणि कोणी मध्ये घुसले की सरकून जागा देतात. "दादा, मला इथलं काही कळेनासं झालंय रे. तिथलंही कळत नव्हतं, पण तिथं लोक परका म्हणून माफ तरी करायचे," असे ते एकदा म्हणाले. रिकामपण असल्याने ते अर्जदाराच्या टेबलाशी येऊन बसतात. परिणामी जुने गिऱ्हाईकसुद्धा अर्ज लिहून झाल्यावर "एकदा डॉक्टरसाहेबांच्या नजरेखालून जाऊ दे की" म्हणते. अर्जदार जाऊ देतो. गैथ चार ओळी कापतात. अर्ज मंजूर होतो.

६. आता हंगेरीतील संस्थेने त्यांना परत बोलावले आहे. गुरुवारचे विमान आहे, बॅग भरून दाराशी ठेवली आहे. "या खेपेला गेलो तर यायचा नाही, दादा. दोनदा परत यायची ताकद नाही माझ्यात." मातोश्रींच्या हातून दोन दिवस स्वयंपाकात मीठ पडलेले नाही. वस्तुतः अर्जदाराला आनंद व्हायला हवा. पण मागील सात वर्षांचा अनुभव कटू आहे. लांबचा मुलगा रुसत नाही, उलट बोलत नाही. त्याच्या फोनसाठी जेवणे खोळंबतात, आणि गॅसची टाकी मात्र इथल्याने खांद्यावरून आणायची. समोर बसलेल्या भावाशी निदान भांडता येते. गेलेल्याशी बरोबरी करायची कशी?

७. राहता राहिले ते एकवीस दिवस. गैथ मौजेखातर आले नव्हते. वडिलांचे अर्धे अंग लुळे पडले होते, आणि फोन अर्जदारानेच केला होता : "बाबांना एकट्याने उचलवत नाही रे. ये." परीक्षा टाकून ते दुसऱ्या दिवशी दारात उभे होते. अर्जदार खांद्यांकडून, ते पायांकडून, असे वीस दिवस उचलले. एकविसाव्या दिवशी कबरस्तानापर्यंत. वडील जाण्यापूर्वी "गैथ आला" एवढेच बोलले, हेही अर्जदाराच्या स्मरणात आहे. हा मजकूर संदर्भ क्र. २ मध्ये घालायचा राहून गेला.

तरी तक्रार रद्द समजावी व तूट माफ करावी. नियमात माफी बसत नसल्यास, ते दिवस अर्जदाराने बोलावल्यामुळे गेले असल्याने, ते अर्जदाराच्या नावे टाकावेत. नेमणूक अशा गावी व्हावी, की शुक्रवारी जेवायला येता येईल पण रोज येता येणार नाही. निर्णय गुरुवारपूर्वी व्हावा. नंतरच्या निर्णयाचा कोणालाच उपयोग नाही.

आपला, या वेळी सहीनिशी,
मिथकाल अल-मराशिद

सल्त, सोमवार, १५ सप्टेंबर

सोबत :
१) वडिलांच्या मृत्यूचा दाखला, प्रत.
२) गैथ यांचा पासपोर्ट, मूळ. निकाल लागेपर्यंत तो कार्यालयातच असू द्यावा, परत पाठवण्याची घाई करू नये. गैथ सकाळपासून तो घरभर शोधत आहेत. अर्जदारही त्यांच्याबरोबर शोधत आहे.