तंग बांधलेल्या नऊ वायरी

आई, तुला गाडी कधीच मानवली नाही. बस उमरेड रोडला लागायच्या आत तू नाकाशी लिंबू धरून, डोळे मिटून बसायचीस, आणि तरी इतकी वर्षं तू गाड्यांच्याच वायरी बांधल्यास. यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. गेल्या आठवड्यात आली, भर उन्हात, मुरमाच्या एका जुन्या खाणीत, आणि मला हसू आलं. मी कामावर असताना हसत नाही, त्यामुळे दोन माणसांनी वळून पाहिलं.

तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढचं थोडक्यात सांगते. डिप्लोमा झाला, डिग्री झाली, आणि आता मी वर्धा रोडकडच्या एका वर्कशॉपमध्ये आहे. लोक त्यांच्या फोर-बाय-फोर गाड्या आमच्याकडे आणतात आणि डोंगरात, वाळूत, नदीच्या पात्रात नेण्यासाठी तयार करून घेतात. गाडीसोबत कंपनीतून जे येत नाही आणि विजेवर चालतं, ते सगळं मी बसवते: जादा दिवे, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच, टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर, आणि या सगळ्यांसाठी दुसरी बॅटरी. बाबा ठीक आहेत. गच्चीवर त्यांनी इतक्या कुंड्या केल्यात की कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

या महिन्यातली गाडी माझ्यासाठी साधी नव्हती. वर्कशॉपचे मालक, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं: या गाडीची वायरिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी, कागदावर सहीसुद्धा माझी. गाडी धड गेली तर वायरिंगचं काम इथून पुढे माझ्याकडे. नाही तर पुन्हा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना सीट कव्हरचे रंग दाखवायचे. दोन वर्षं मी ते रंग दाखवले आहेत. करड्या रंगाच्या अकरा छटा असतात, आणि लोकांना बारावी हवी असते.

गाडी बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांची. सोमवारी सकाळी ते आणि काकू हिमाचलला निघणार होते, स्पितीपर्यंत. काका यादी घेऊन आले: छतावर चार दिवे, पुढे दोन, मागे एक, विंच, कंप्रेसर, वायरलेस सेट. काकूंनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "झालं का यांचं? आता माझं लिहा. एक फ्रिज, आणि एक चहाची केटली." मी त्यांना समजावलं की बारा व्होल्टवर पाणी उकळायला अर्धा तास लागेल. काकू म्हणाल्या, "लागू द्या न. छत्तीस वर्षं यांच्या ऑफिसच्या टायमाले चहा केला. आता घाई कोणाले आहे?" काका छताकडे पाहत राहिले, जणू दिवे तिथे आत्ताच दिसत होते. मी केटली लिहून घेतली.

ही वायरिंग मी फार चांगली केली, आई. प्रत्येक वायरीची जाडी करंटवरून काढली. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवला, कारण फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. दोन्ही टोकांना नंबर लावले. सगळी मापं ड्रॉइंगवरून घेतली, मिलिमीटरमध्ये, आणि वायरी तेवढ्याच कापल्या. कुठे लोंबणं नाही, कुठे फुगवटा नाही. भाऊंनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तर फोटो काढून भिंतीले लावण्यासारखं आहे." मला बरं वाटलं. मी फक्त "हो" म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आम्ही गाडी खाणीत नेली. तिथे एक जागा आहे जिथे पुढचं एक चाक ढिगाऱ्यावर चढतं आणि त्याच वेळी त्याच्या तिरप्या समोरचं मागचं चाक खड्ड्यात उतरतं. गाडीचा सांगाडा पिळला जातो आणि त्याच्यावर रबरांवर बसवलेली बॉडी वेगळ्या दिशेनं कलते. भाऊ गाडी चालवत होते, काका शेजारी, काकू आणि मी मागे. गाडी पिळली, मागे कुठेतरी टक् असा बारीक आवाज आला, आणि फ्रिजची घरघर थांबली.

"अहो, माझा फ्रिज मेला!"

"मरते कुठं, ऊन लागलं असंल त्याले."

"फ्रिजले ऊन लागते का कधी? काही बोलता."

मी उतरले. फ्यूज पाहिला, शाबूत. रिले, म्हणजे करंट सोडणारा स्विच, टकटकत होता. मीटर लावला तर फ्रिजपर्यंत बारा व्होल्ट येत होते, पण परत जायला वाट नव्हती. गाडीखाली झोपून पाहिलं तेव्हा दिसलं. फ्रिज आणि मागचा दिवा या दोघांची मिळून एक अर्थिंगची वायर बॉडीकडून सांगाड्याकडे जाते. ती तुटली होती. माझा क्रिंप, पकडीनं दाबलेला जोड, सुटला नव्हता, हे तुला मुद्दाम सांगते. तो चांगलाच होता. वायरीच्या टोकाला दाबून बसवतात त्या कडीच्या, लगच्या, मानेपाशी तांबंच तुटलं होतं. सांगाडा दोन इंच खाली गेला आणि वायरीला जायला जागा नव्हती. भाऊ वाकून म्हणाले, "मॅडम, अर्थच नाही राहिला न हिच्यात." सगळे हसले, आणि तेव्हाच, गाडीखाली झोपलेली असताना, मला तू लिंबू घेऊन बसलेली दिसलीस आणि मीही हसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ही चूक मी पूर्वी केलेली होती.

हुडकेश्वरच्या आपल्या स्वयंपाकघरात, दुपारी ओटा पुसून झाला की तू ती फळी काढतेस. सागाची, तुझ्या उंचीएवढी, तिच्यावर खिळे ठोकलेले. कुठला खिळा कुठल्या दिव्याचा ते तू खडूनं लिहून ठेवलंयस. मामाचं लकडगंजला ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे, आणि ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायरिंग तो तुझ्याकडून करून घेतो. तू खिळ्यांवरून वायरी नागमोडी फिरवतेस, जागोजागी फाटे काढतेस, काळ्या टेपनं गुंडाळतेस. घरात भिजवलेल्या कणकेचा आणि नव्या प्लॅस्टिकचा वास एकत्र असतो. लगची पुडी पोह्यांच्या डब्याशेजारी, त्यामुळे एकदा बाबांच्या पोह्यांत एक लग निघाला. बाबांनी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "हा किती अँपिअरचा?" तू इतकी हसलीस की पुढचा घास कुणालाच घेता आला नाही.

डिप्लोमाचं पहिलं वर्ष संपलेलं, सुट्टी, चोवीस नगांची ऑर्डर. मी म्हटलं, बारा मी करते. स्टीलची पट्टी घेतली, मामाच्या ट्रॉलीवर जाऊन मापं घेतली आणि प्रत्येक वायर बरोबर तेवढीच कापली. संध्याकाळी बाराही तुझ्यापुढे ठेवल्या. माझ्या बाराला तुझ्या बारापेक्षा कमी तार लागली होती, आणि ते मी तुला बोलून दाखवलं. तू एक उचललीस, दोन टोकं हातात धरलीस आणि ताणलीस.

"इतकं तंग काहून बांधलं वं? ट्रॉली काय भिंतीले ठोकलेली राहते?"

"मापानं केलंय. कॉलेजात असंच शिकवतात."

"मंग कॉलेजातल्या ट्रॉलीले लाव."

तू बाराही उसवायला लावल्यास. एकही ठेवली नाहीस. मी उसवल्या, पुन्हा केल्या आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला मापाची अक्कल नाही असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी तू लकडगंजहून क्रिंपिंगची पकड घेऊन आलीस, लाल मुठीची, दुकानातली सगळ्यात चांगली, आणि माझ्या पुस्तकांवर ठेवलीस. "रुसली म्हणून नाही देऊन राहिली. तुले हात आहे म्हणून." मी पकड घेतली. आभार मानल्याचं आठवत नाही.

ढील, म्हणजे सैल सोडणं, हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. नागपुरात तो पतंगातच शिकतात. संक्रांतीला तू गच्चीवर चक्री धरायचीस आणि पाच घरं ऐकतील अशी ओरडायचीस, "ढील दे वं, ढील!" मी मांजा ताणूनच धरायचे. दर वर्षी पहिल्या तासात कापली जायचे आणि शेजारची पोरं "ओ काट" करून नाचायची. तू पुढच्या पतंगाला जोत, म्हणजे कण्णी, बांधून तो तयारच ठेवायचीस.

खाणीतून परत आल्यावर भाऊ म्हणाले, "एकच तुटली न? एकच जोडा आन् द्या. उद्या पॉलिश करायची आहे." मी म्हटलं, बॉडीकडून सांगाड्याकडे जाणाऱ्या नऊ वायरी आहेत. एक तुटली, बाकीच्या आठ तुटायच्या राहिल्या आहेत. "काहून जीव काढता मॅडम, कस्टमरले दिसत बी नाही ते." मी सांगितलं, दिसणार नाही, पण स्पितीत काका गाडीखाली झोपतील तेव्हा दिसेल, आणि कागदावर सही माझी आहे. तुझा आवाज मला जमत नाही. पण भाऊ पॉलिशचा विषय सोडून चहा सांगायला गेले, तेव्हा थोडाफार जमला असावा.

शनिवारी नऊही उसवल्या, नव्या कापल्या. हातानं करताना माझ्या लक्षात आलं की किती ढील सोडायची, हे मला माहीत आहे. तू वायर आधी पूर्ण ताणायचीस, मग आपल्या हाताची चार बोटं शेजारी शेजारी तिच्यावर टेकवायचीस, तेवढी मागे सोडायचीस आणि मग बांधायचीस. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे दर वेळी. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी फळीच्या पलीकडे बसून पाहिलं होतं आणि पाहत नसल्याचं दाखवलं होतं.

रविवारी सकाळी पुन्हा खाण. तीच जागा, तोच ढिगारा. भाऊंनी गाडी तीनदा पिळली, चौथ्यांदा काकांनी स्वतः. टक् झालं नाही. फ्रिज घरघरत राहिला, मागचा दिवा उन्हातही लागलेला दिसत होता. काकूंनी तिथेच केटली लावली. अठ्ठावीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. चहात साखर जास्त होती. काका म्हणाले, "पोरीनं काम पक्कं केलं." सोमवारी ते गेले. काल त्यांचा फोटो आला: गाडी, बर्फ, आणि बॉनेटवर केटली. वायरिंगचं टेबल आता माझं आहे, खिडकीजवळचं.

एक गोष्ट राहिली. नव्या ड्रॉइंगवर त्या नऊ वायरींपुढे मी जादा लांबी लिहिली आहे, पंच्याहत्तर मिलिमीटर. भाऊंनी विचारलं, हा आकडा कुठून काढला. मी म्हटलं, स्टँडर्डमध्ये आहे. मी असं कोणतंही स्टँडर्ड वाचलेलं नाही. माझी चार बोटं मी व्हर्नियरनं मोजली, ती सहासष्ट भरतात. तुझी रुंद होती. किती, ते मी कधी मोजलं नाही, आणि आता कुणाला विचारून कळणार नाही. कामाच्या कागदावर मी अंदाज लिहीत नाही, आई. हा एक लिहिला, आणि खाली सही केली.