पायवाटेचं निगेटिव्ह

मी, दत्ताराम लक्ष्मण मेस्त्री, वय वर्षे एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार बोरीवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातली गाठ वाढली आहे, डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालणारा माझा भाऊ चंद्रप्रकाश, त्याला या कागदाची खबरही नाही.

१. राहती खोली पत्नी सुगंधा हिला. ही खोली बिल्डरने एका कामाच्या मोबदल्यात दिली. स्वयंपाकघराची खिडकी सुगंधा दोन वर्षं उघडत नाही. तिच्यावर कोणी सक्ती करू नये.

२. कॅमेरा, ट्रायपॉड आणि काळ्या काचा पुतण्या जयवंत याला. काचा इतक्या गडद आहेत की भर उन्हात शटर दहा-बारा मिनिटं उघडं ठेवता येतं. गोराईचा समुद्र त्यांतून धुक्यासारखा येतो. हलणारं काहीच उरत नाही. जयवंता, समुद्राचेच फोटो काढ. तुझ्या बापाने दुसरं काम आणलं तर ट्रायपॉड त्याच्या डोक्यात घाल.

३. १९८३च्या मे महिन्यात चंद्रप्रकाशने बिल्डरचं काम आणलं. आज आमची इमारत आहे त्या जागेतून वस्तीतली माणसं विहिरीवर जात. त्यांचा वहिवाटीचा दावा कोर्टात होता. वाटेवर कोणी फिरकत नाही असा फोटो बिल्डरला हवा होता. ऐन पाणी भरायच्या वेळी मी काळ्या काचा लावून बारा मिनिटं शटर उघडं ठेवलं. समोरून सदतीस माणसं हंडे घेऊन गेली, मी मोजली. निगेटिव्हवर त्यांतलं कोणी उमटलं नाही.

एक बाई उमटल्या. द्रौपदीबाई हिवाळे वाटेत थांबून म्हणाल्या, "दादा, फोटू काढताय व्हय? माझा कुनी काढला न्हाई आजवर. हितं उभी राहू?" नको म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय, तोंडून गेलं, "राहा. हलू नका." डोक्यावर भरला हंडा घेऊन बाई उरलेली नऊ मिनिटं हलल्या नाहीत. त्या पुसट आल्या, अंगातून मागचं झाड दिसतं, पण आल्या. कोर्टात दिलेल्या प्रिंटवर मी त्यांना ब्रशने पुसलं. निगेटिव्ह जळालं असं शपथेवर सांगितलं. त्या दोनदा दुकानात आल्या. "आला का वो माझा फोटू?" मी म्हटलं, नाही आला.

दावा बुडाला, वाट बंद झाली. वस्ती हायवे ओलांडून पाणी आणू लागली. एप्रिल १९८५मध्ये द्रौपदीबाई तिथे ट्रकखाली गेल्या. त्या दिवशी सुगंधाने खिडकी लावून घेतली. वाट त्या खिडकीखालीच होती. बाईंच्या मरणाला मी जबाबदार आहे, हे इथे लिहून ठेवतो.

४. ते निगेटिव्ह माझ्याजवळ शाबूत आहे. ते द्रौपदीबाईंची मुलगी नंदा हिला. वस्तीच्या अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी मरायची वाट पाहिली तर तारीख निघून जाईल, म्हणून या कलमातले दोन शब्द खोडले आहेत. आज सह्या झाल्या की मी स्वतः नेऊन देणार. खोट्या शपथेची शिक्षा व्हायची ती होवो.

५. माझा फोटो भिंतीला लावू नये, हार घालू नये. द्रौपदीबाईंच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही. ब्रश न लावलेली मोठी प्रिंट सोबत नेतो आहे. नंदाला एवढंच सांगायचं आहे की आईचा फोटो आला होता.

बोरीवली पूर्व, ता. १४ फेब्रुवारी १९८७
सही: द. ल. मेस्त्री

साक्षीदार: सीताराम धोंडू परब (सही), वनमाला रतन राणे (सही)

कलम चारमधले "माझ्या पश्चात" हे शब्द मेस्त्रींनी आमच्यासमोर खोडले.