मा. स्वा. : उत्तम

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली. ही तिथेच आधी बघेल. जागा बदलली. हत्यारांच्या पेटीत.

संकल्प : मार्चमध्ये पदवी घ्यायची म्हणजे घ्यायची. बावीस वर्षांपूर्वी लग्नाच्या गडबडीत चार श्रेयांक राहून गेले. आता कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांसाठी सोय काढली आहे. कुठेतरी एकशेवीस तास इंटर्नशिप करा, चार श्रेयांक घेऊन जा. लेकही त्याच कॉलेजातून यंदाच पदवीधर होतेय. एकाच दिवशी, एकाच स्टेजवर बाप आणि लेक. सासऱ्यांना पहिल्या रांगेत बसवणार. ते वीस-बावीस वर्षं माझी ओळख 'आमचे जवळजवळ पदवीधर जावई' अशी करून देतात. पुढेही काहीतरी पुटपुटतात. टोमणाच असणार.

४ जानेवारी
श्रेयांक समन्वयकांना भेटलो. पोरसवदा प्राध्यापक, दाढीतल्या दाढीत बोलतात. म्हटलं, इतक्या वर्षांचा नोकरीचा अनुभव आहे, तोच धरा ना. म्हणाले, धरू, त्यातून काय शिकलात ते दोन पानांत लिहा. तिथेच बसून लिहायला घेतलं. पाऊण पानात संपलं. त्यातलं निम्मं साहेबांच्या स्वभावाविषयी होतं. कागद घडी घालून खिशात टाकला. इंटर्नशिपच बरी.

छापील वही दिली. निघताना बजावलं की रोज वही घ्यायची, विसरायचं नाही. वही घ्यायला विसरायला मी काय दुसरीत आहे?

वहीचे रकाने : दिनांक, तास, केलेले काम, मा. स्वा. शेवटच्याचा खुलासा कुठेही नाही. मुद्दाम ठेवलेला नाही. विचारलं की अडाणी ठरवायला मोकळे. घरी डोकं चालवून उलगडा केला. माझे स्वास्थ्य.

५ जानेवारी
जागा लेकीने निवडली. कॉलेजच्या यादीत बँक होती, वाचनालय होतं. तिने निवडलं श्रवणयंत्रांचं दुकान. का, तर घराजवळ आहे. वाचनालय त्याहून जवळ आहे. नोंद केली.

ऑफिसात सकाळची पाळी मागितली. साहेबांनी लगेच दिली. इतक्या लगेच का दिली?

८ जानेवारी
पहिला दिवस. दुपारी तीन ते सात. पुढे काउंटर, चार खुर्च्या आणि डोक्याएवढा प्लास्टिकचा कान. मागे गाद्या लावलेली काचेची खोली. तिथे कानाच्या बाई लोकांचे कान तपासतात. बाहेरच्या माइकमधून एकेक शब्द बोलतात, आतल्याने तो परत म्हणायचा. बोलताना बाई तोंडासमोर कागद धरतात. ज्याला काही लपवायचं नाही, तो तोंड कशाला झाकेल?

कोपऱ्यातल्या टेबलावर यंत्रं दुरुस्त करणारा बसतो. एका डोळ्याला भिंग, हातात कायम चिमटा. मी त्याला चिमटाच म्हणणार. मान खाली घालून बोलतो. डोळ्याला डोळा देत नाही.

निघताना बाई म्हणाल्या, वही घ्या. घेतली, आलो.
मा. स्वा. : उत्तम.

१० जानेवारी
आजही निघताना बाई : वही घ्या. रोज आठवण करण्यामागे अर्थ आहे. वही मागे राहिली तर कोणीतरी वाचतं, हे त्या सूचित करतायत. उघड बोलू शकत नसतील. चिमटा समोरच होता. आजपासून वही शर्टाच्या आत, पोटाशी.
मा. स्वा. : उत्तम. पोटावर पुठ्ठा टोचतो.

१३ जानेवारी
चिमट्याने मळकी यंत्रं भरलेला ट्रे माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, माफ करा. कशाबद्दल ते सांगितलं नाही. म्हणजे वही वाचली होती तर! मी मोठ्या मनाने म्हटलं, केलं. ट्रे त्याच्याकडे परत सरकवला. तो माझ्याकडे बघतच बसला. एवढा उदारपणा पाहिला नसेल.

१६ जानेवारी
एक आजोबा आले, यंत्र बंद पडलेलं. चिमटा मला म्हणाला, वेळ द्या. दिला. बाहेर खुर्चीत जाऊन पाऊण तास बसलो. तेवढ्यात तो तीनदा बाहेर येऊन हात पसरून गेला. शेवटी स्वतःच ड्रॉवरमधून काहीतरी काढून नेलं. आधी वेळ मागायचा आणि मग तक्रार करायची. बाईंचे कान भरतोय. दुकानच कानांचं.
मा. स्वा. : उत्तम.

१९ जानेवारी
घरीही तेच. ही आणि लेक स्वयंपाकघरात कुजबुजतात. मी दारात आलो की गप्प. काय चाललंय विचारलं तर दोघी एकदम, काही नाही. दोघींचं एकदम 'काही नाही' म्हणजे नक्की काहीतरी.

किटली जळली. ती म्हणे दहा मिनिटं शिट्टी मारत होती. मी शेजारीच पेपर वाचत होतो, चकार आवाज नव्हता. नवीन किटली घ्यायचा बहाणा. कुरिअरवालाही बेल न वाजवता 'घरी कोणी नाही' लिहून गेला. शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून आले. सगळे एका सुरात बोलायला लागले की समजावं.

२५ जानेवारी
ड्रॉवर लावून टाकला. लाल खुणेची आणि निळ्या खुणेची यंत्रं उगाच वेगळी ठेवली होती. मी एकत्र करून लहान-मोठी अशी मांडली. बाईंनी कपाळाला हात लावला. लाल उजव्या कानाची, निळी डाव्या, हे मला कोणी सांगितलं होतं? चिमटा म्हणतो, पहिल्याच दिवशी. साफ खोटं. माझ्या कामाचं श्रेय मिळू नये म्हणून एवढा आटापिटा.

'केलेले काम' मध्ये लिहिलं : दुकानाची संपूर्ण पुनर्रचना.

३१ जानेवारी
बाईंनी आज जरा चिडूनच विचारलं, तुम्हाला वही नको का? म्हटलं, आहे की! आणि पोटावर थाप मारली. त्यांनी चिमट्याकडे बघितलं. चिमट्याने खांदे उडवले. दोघं सामील आहेत. बाईंवर विश्वास टाकला ही माझी चूक.
मा. स्वा. : किंचित सर्दी.

१२ फेब्रुवारी
एकशेवीस तास पूर्ण! इतक्या विरोधात! सासऱ्यांना फोन करून पहिल्या रांगेचं सांगितलं. ते बराच वेळ बोलले. हो हो म्हटलं.

लेकीचा पदवीचा गाऊन घालून पाहिला. खांद्यात दाटतो. माझा एक नंबर मोठा मागवणार.

१६ फेब्रुवारी
समन्वयकांनी वही उघडली. आधी हसले. मग शेजारच्या मॅडमना बोलावून दाखवली. मग दोघंही हसायचे थांबले, ते जास्त वाईट.

मा. स्वा. म्हणजे मार्गदर्शकांची स्वाक्षरी.

तीस दिवस, तीस चौकटी. अठ्ठावीस उत्तम, एक पुठ्ठा, एक सर्दी. सही एकही नाही. सही त्या-त्या दिवशीच लागते. ते म्हणाले, मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. शपथेवर सांगतो, ते वहीबद्दल बोलले होते.

तडक दुकानात. बाईंना जाब विचारला की एक शब्दाने का नाही बोललात? त्या म्हणाल्या, रोज निघताना काय सांगत होते मग? आणि तोंडासमोर कागद धरून तेच पुन्हा म्हणाल्या. मी म्हटलं, बघा, आत्ताही वहीच म्हणताय! त्यांनी कागद खाली केला आणि परत म्हणाल्या. या वेळी ओठ दिसले.

मला काचेच्या खोलीत बसवलं.

१७ फेब्रुवारी
बाईंनी आलेख समजावला. रेघ डावीकडे बरी चालते आणि उजवीकडे जिन्यावरून पडल्यासारखी खाली जाते. बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचत नाहीत. शिट्टी, बेल आणि मुख्य म्हणजे स.

सही घ्या. सेल द्या. साफ करा.

चिमट्याने माझ्याकडे कधीच माफी मागितली नव्हती. मी त्याला एकूण अकरा वेळा माफ केलं होतं.

मागच्या तारखांच्या सह्या कराल का, असं बाईंना विचारलं. म्हणाल्या, नाही, जे त्या दिवशी घडलं नाही ते मी लिहीत नाही. मात्र पुढच्या सत्रात परत या म्हणाल्या. का बोलावतायत? चिमटाही 'या' म्हणाला. मान वर करून.

घरी लेक रडली. सगळा कट तिचाच. दोन वर्षं दोघी मला कान तपासा म्हणून सांगत होत्या आणि मी म्हणत होतो, तुम्ही नीट बोला. म्हणून तिने यादीत ते दुकान शोधलं. तिथे गेल्यावर तरी बाबांना कळेल, किंवा बाई ओळखतील. बाईंना वाटलं, हा गृहस्थ फक्त विक्षिप्त आहे. मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि खरा कट नेमका सुटला. लेकीवर रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

९ मार्च
पदवीदान. गाऊन नाही, शर्टच. दोन्ही कानांत यंत्रं. खुर्च्या सरकतात, कागद फडफडतात, माणसं सारखी नाक ओढतात. जग फार कटकट करतं.

माइकवर लेकीचं नाव पुकारलं. पहिलं अक्षर स. मीच हट्टाने ठेवलेलं नाव, हिला दुसरं हवं होतं. त्यातला स इतके दिवस गळून पडला होता आणि मी त्याशिवायच तिला ऐकत होतो. रडलो. ही म्हणाली, हळू रडा.

शेजारी सासरे पलीकडच्यांना माझी ओळख करून देत होते. हे आमचे जवळजवळ पदवीधर जावई. मग ते नेहमीचं पुटपुटणं. या वेळी ऐकू आलं. सोन्यासारखा माणूस आहे, म्हणाले.

बावीस वर्षं हेच म्हणत होते? म्हातारा असं का म्हणतो? काय हवंय त्याला?

नोंद केली.
मा. स्वा. : ठीक. डावा कान खाजतो.